आई आत आहे

१

दोष बाबांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी माझ्याबद्दल बोलणार आहे आणि तेव्हा तुम्ही त्यांना विसराल.

चोपन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाबा घरी बसले आणि मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. कुणी एक नवरा-बायको, स्वस्त देशात जाऊन राहिलेले, रोज सकाळी अंगणात चहा पिताना दिसायचे. महिनाभरात बाबांची भाषा बदलली. "गरजा कमी केल्या की माणूस राजा." ज्यांनी जन्मात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतला नाही, ते साधेपणावर बोलायला लागले. गरजा कमी करायच्या त्या कुणाच्या, हे घरात कुणी विचारलं नाही.

फ्लॅट विकला. पैसे बँकेत, व्याजावर तिकडे आरामात राहायचं, असा हिशेब. आई अठरा वर्षं घरातल्या गॅलरीत शिवणाचे क्लास घ्यायची. तिचं मशीन खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नेलं. ते जिन्यातून खाली जाताना आई दार धरून उभी होती. मला म्हणाली, "जड आहे रे, एक हात लाव." मी हात लावला.

तेव्हा मी भांडलो असतो तर कदाचित सगळं थांबलं असतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलंही होतं. पण इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून मला दोन वर्षं झाली होती, आणि जिन्यात भेटेल तो विचारायचा, "मग आता पुढे काय?" मला त्या जिन्यापासून लांब कुठेही जायचं होतं. मी गप्प बसलो. बाबांना वाटलं, मुलगा समजूतदार झाला.

२

नवं घर तळमजल्यावर होतं. रस्त्याकडे मोठी खिडकी असलेली पुढची खोली, तिथून मागे जाणारा लांब, अरुंद पॅसेज, पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात दुधी काच होती. पलीकडे माणूस उभं राहिलं की नुसता रंग दिसायचा, चेहरा नाही. भिंतीतून पाण्याचा जुना पाइप गेला होता. आतला नळ सोडला की तो आधी तीनदा धडधडायचा आणि मग पाणी यायचं.

दर रविवारी आमच्या सकाळी दहाला मामाचा व्हिडिओ कॉल यायचा. मामा आईचा धाकटा भाऊ. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, ते रविवारी बंद. बाबा नऊपासून तयारीला लागायचे. खिडकीचा पडदा सारायचा, दाढी करायची, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवायचा. स्वतः अशा कोनात बसायचे की मागे अख्खा पॅसेज दिसला पाहिजे. घर केवढं लांब आहे ते तिकडे कळायला हवं ना.

"काय भाऊजी, राजेशाही आहे बुवा!" मामा म्हणायचा.

"साधंच आहे रे," बाबा म्हणायचे. हे वाक्य ते आरशासमोर घोटत असणार, इतकं सफाईने यायचं.

मग मामा मला शोधायचा. "आणि अर्धे इंजिनिअर कुठायत?" मी हात हलवायचो. मामी मागून म्हणायची, "अहो, असं काय बोलता." आणि हसायची.

३

व्याज पुरलं नाही. स्वस्त देश व्हिडिओत स्वस्त असतो.

काम शोधलं ते आईने. बाबा मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, ते कुठे जाणार? मी एका गोदामात अकरा दिवस खोकी उचलली आणि पाठ दुखते म्हणून सोडून दिलं. आईला दोन गल्ल्या पलीकडच्या लॉजमध्ये साफसफाईचं काम मिळालं. चादरी बदलायच्या, फरशी पुसायची, संडास घासायचे. रविवारी पाहुणे खोल्या सोडतात, म्हणून त्या दिवशी सगळ्यात जास्त काम. सातला जायची ती दोनला परत यायची.

तिथे पँट-शर्ट आणि वर एप्रन घालावा लागायचा. पहिल्या दिवशी ती पुढच्या खोलीत येऊन आमच्यासमोर उभी राहिली. "बघ, पन्नाशीत पँट चढवली. तुझ्या बाबांनी प्रगती केली हो माझी." हसताना तिने हात मागे लपवले होते. हातमोजे घालता यावेत म्हणून बांगड्या उतरवाव्या लागल्या होत्या. बारा हिरव्या बांगड्या कपाटात स्टीलच्या वाटीत ठेवल्या होत्या.

पहिल्या रविवारी मामाने विचारलं, "ताई कुठेय?"

बाबांनी पापणीही हलवली नाही. "आत आहे. स्वयंपाकघरात."

कॉल संपल्यावर मी म्हणालो, "सरळ सांगा ना, कामाला जाते म्हणून."

"बायकोला परदेशात नेऊन लोकांचे संडास धुवायला लावले, असं म्हणतील. ऐकशील तू?" मग थोडं थांबून, "आणि तू घरी बसून काय करतोस, तेही विचारतील."

मी ऐकलं नसतं. हे त्यांना माहीत होतं.

त्यानंतर दर रविवारी आई आत असायची. कधी पोळ्या लाटत, कधी अंघोळीला, कधी "आत्ताच डोळा लागलाय". बाबा बारकावे भरायला शिकले. तिची भाजी करपली, तिने खिडकीत रोप लावलं. आमच्याकडे रोप नव्हतं.

४

पाचव्या की सहाव्या रविवारी मामी मध्येच म्हणाली, "अय्या, ताई आज हिरव्या साडीत? काय विशेष?"

मी सोफ्यावर होतो. मान वळवून पॅसेजकडे पाहिलं. दार बंद होतं. दुधी काच, त्यावर सकाळचं ऊन, बाकी काही नाही.

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. नेमकी ही गोष्ट मला खटकली. कुणी आपल्या पाठीमागे माणूस दिसतंय म्हटलं की कुणीही वळून बघतो. बाबा तसेच फोनकडे तोंड करून म्हणाले, "विशेष काय, रविवार!"

मी मनाला समजावलं. मामाचा फोन जुना आहे, कॅमेरा धड नाही. मागच्या आवारात झाड आहे, त्याची सावली काचेवर पडते. मी उठून बघायला गेलो असतो, तर आत कोणी नाही हे लगेच कळलं असतं. मी उठलो नाही. पडल्या पडल्या कारणं शोधणं मला चांगलं जमतं.

दोनला आई आली. अंगाला ब्लीचचा वास येत होता. हिरवी साडी तिने आणलीच नव्हती. ती तिने निघताना मामीलाच देऊन टाकली होती.

५

पुढच्या रविवारी मामा दुकानातल्या नव्या पंख्यांबद्दल बोलत असताना भिंतीतला पाइप धडधडला. एक, दोन, तीन. मग पाणी पडल्याचा आवाज. मग पाणी बंद.

वरच्या मजल्याचा पाइप असणार, असं मी ठरवलं. पण वरच्यांच्या नळाने आमचा पाइप कधीच वाजला नव्हता, हेही मला माहीत होतं.

मग बांगड्यांचा आवाज आला. कणीक मळताना बांगड्या परातीला लागून वाजतात तसा, एका लयीत.

या वेळी मी उठलो. पॅसेज एरवी आठ पावलांचा होता. त्या दिवशी किती झाली ते मी मोजलं नाही. दार ढकललं. स्वयंपाकघर रिकामं. ओटा कोरडा, परात खिळ्याला टांगलेली, नळ घट्ट बंद. फक्त बेसिन ओलं होतं, तळाला पाण्याची एक चकती अजून जाळीकडे सरकत होती. आई सातला गेली होती.

तसाच आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. वाटीत बांगड्या होत्या. मोजल्या. बाराच्या बारा. त्यांच्यावर धूळ बसली होती.

परत आलो तेव्हा कॉल संपला होता. बाबा खुर्ची पुढे ओढत होते. पॅसेजपासून हातभर लांब.

"तुम्हालाही ऐकू आलं ना?" मी विचारलं.

"काय?"

"आत कुणीतरी आहे."

बाबा चष्मा पुसत राहिले. "मामाला काही कळलं नाही ना, मग झालं तर," ते म्हणाले.

६

मग एक रविवार असा आला की मामा हट्टालाच पेटला. "भाऊजी, तीन महिने झाले ताईचा आवाज ऐकून. लपवून ठेवलीय की काय?"

बाबा हसले. फोन उचलला, पॅसेजमधून चालत गेले, स्वयंपाकघराचं दार वीतभर उघडलं आणि फोन आत दिला. ओट्यावर ठेवला असं मी म्हणत नाही. त्यांचा हात आत गेला आणि रिकामा बाहेर आला. दार लावून ते परत येऊन बसले, हात मांड्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसतात तसे.

आतून मामाचा आवाज येत होता. विचारायचा, थांबायचा, पुन्हा विचारायचा. ते थांबणं अगदी बरोबर लांबीचं होतं, उत्तर मिळताना माणूस जेवढं थांबतो तेवढं. मधेच मामा खो खो हसला. आई लहानपणच्या गोष्टी सांगायला लागली की तो असा हसतो.

"बाबा, मामा कुणाशी बोलतोय?"

"आईशी."

"आई लॉजवर आहे."

"हळू बोल," बाबा म्हणाले. "आत ऐकू जाईल."

हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्यांच्या निवांत चेहऱ्याकडे बघून मलाही जरा हायसं वाटलं होतं. मामाचं समाधान झालं होतं. कुणी काही विचारणार नव्हतं.

७

आईची बोटं ब्लीचने फाटली होती. एका मंगळवारी चादर ओढताना तिची कंबर धरली आणि ती एक तास लॉजच्या खोलीत फरशीवर पडून राहिली. हे तिने आम्हाला बुधवारी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. मग पदर नसल्यामुळे शर्टाच्या बाहीला तोंड पुसून ती म्हणाली, "मी भावाला फोन करते. मला जायचंय."

बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. तिने फोन घेतला. भावाला फोन करणं तिच्यासाठी सोपं नव्हतं. आजोबा गेल्यावर तिने माहेरच्या घरातला आपला हिस्सा मामाच्या नावे सोडून दिला होता, हसत सही करून. सही दिल्यावर त्याच घरात राहायला जागा मागायची म्हणजे सही परत मागितल्यासारखं, असं तिला वाटायचं. कुणी तसं म्हणालं नव्हतं. आमच्याकडे कुणी न म्हणालेल्या गोष्टीच सगळ्यात जास्त पाळतात.

मामा दुकानात होता, मागे गिऱ्हाइकांची गडबड. आई म्हणाली, "अरे, मी काही दिवस तुमच्याकडे येऊ का? मला इथे..."

"ताई, चेष्टा करतेस का?" मामा हसत म्हणाला. "रविवारीच म्हणालीस ना, आता इथेच हाडं टाकणार म्हणून? एवढं घराचं कौतुक केलंस. आणि आवाज काय गं झालाय तुझा? सर्दी? काढा घे. गिऱ्हाईक आहे, रविवारी बोलू हं."

आईने फोन खाली ठेवला.

"रविवारी त्याच्याशी कोण बोललं रे?"

बाबा दारातून आत येत होते. त्यांनी ऐकलं होतं. "तूच बोललीस," ते म्हणाले, अगदी मायेने. "विसरतेस हल्ली. दमतेस ना."

आईने माझ्याकडे पाहिलं. मशीन गेलं त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मी फोनचा चार्जर शोधायला लागलो.

शनिवारी ती माझ्या खोलीत आली. कॉटच्या कडेला टेकली. "तुला कळतंय सगळं. मला काही समजावून नको सांगूस. उद्या त्याला फक्त एवढं सांग, आई घरी नाहीये, कामाला गेलीये, तिला येऊन घेऊन जा. माझा आवाज त्याला खरा वाटत नाही. तुझा वाटेल. सांगशील ना?"

"हो."

"तो चिडवेल तुला. अर्धा बिर्धा म्हणेल."

"म्हणू दे."

"शहाणा आहेस," ती म्हणाली आणि तिने माझे केस विस्कटले. फाटलेली बोटं केसांत अडकली.

८

रविवारी सातला ती गेली. दारातून मागे वळून तिने नुसतीच मान हलवली. मीही हलवली.

दहाला कॉल आला. बाबांनी सुरुवात करायच्या आत मी फोन उचलला आणि पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून. बाबा खुर्चीतून उठले नाहीत. मला अडवायलाही आले नाहीत.

"अरे वा, आज अर्धे इंजिनिअर स्वतः!" मामा म्हणाला. मामी शेजारी बसली होती, आणि त्यांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, नवा इस्त्रीचा शर्ट घालून.

"मामा, मला बोलायचंय."

"आधी आमचं ऐक. याला नोकरी लागली. उद्या जॉइन होतोय. पेढे खा तिकडूनच." सगळे हसले. मग मामाचा चेहरा जरा गंभीर झाला. तो वाईट माणूस नाही. त्याने मनापासून विचारलं, "तुझं काय चाललंय रे? घरात काही हातभार? की सगळं भाऊजींच्याच जिवावर?"

इथे मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. 'आई लोकांचे संडास धुते, त्यावर आम्ही दोघं जेवतो.' एवढंच. तिघं माझ्याकडे बघत होते. इस्त्रीचा शर्टही बघत होता.

पाठीमागे पाइप धडधडला. एक, दोन, तीन.

"माझं चाललंय," मी म्हणालो. "ऑनलाइन कोर्स करतोय."

"छान. ताई कुठेय?"

"आई आत आहे," मी म्हणालो. "येतेच आहे."

हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो. बाबांनी कुजबुजून सांगितलं नाही, कुणी गळा धरला नाही.

मागचं पाणी बंद झालं. कडीचा आवाज आला. बाबा इतके महिने फक्त 'आत आहे' म्हणत होते, आणि दार उघडून ती कधी बाहेर आली नव्हती.

"आल्या बघा ताई," मामी म्हणाली.

मी वळलो नाही. फोनच्या कोपऱ्यात आपलंच चित्र दिसतं त्या बोटाएवढ्या चौकोनात मी बघत होतो. माझा चेहरा, त्यामागे पॅसेज, त्यामागे उघडं दार. हिरवं काहीतरी जवळ येत होतं. पावलांचा आवाज नव्हता, बांगड्यांचा होता. चौकोनात जागा थोडी होती, त्यामुळे मला फक्त खांद्यापर्यंत दिसलं. वर मान जिथे सुरू व्हायला हवी, तिथे चौकट संपत होती. मी फोन जरा वर धरला असता तर चेहराही दिसला असता.

मग माझ्या केसांत बोटं आली. गुळगुळीत होती. कुठेच अडकली नाहीत.

"ताई, किती छान दिसतेस गं!" मामाचे डोळे भरून आले होते. "आता माझी काळजी मिटली बघ."

९

दोन वाजले. अडीच वाजले. तीनला मी लॉजवर गेलो.

देखरेख करणारी बाई मला वरच्या मजल्यावर घेऊन गेली. एका खोलीत पलंगावर चादर अर्धी घातलेली होती. दोन कोपरे गादीखाली नीट खोचलेले, दोन लोंबत होते. हातमोजे उशीवर होते, आतून अजून ओलसर.

"सकाळी दहानंतर गेली," बाई म्हणाली. "मी विचारलं, अर्धं काम टाकून कुठे? तर म्हणाली, घरी मी आलेय, आता इथे थांबून काय करू. आम्हाला वाटलं, भाषेची गडबड. नीट बोलता यायचं नाही तिला. पण चेहरा बरा नव्हता. काही झालंय का घरी?"

"नाही," मी म्हणालो.

दोन गल्ल्यांचा रस्ता मी चार वेळा तपासला. दुकानांत विचारलं. पँट-शर्टातली पन्नाशीची बाई कुणाच्याही लक्षात राहत नाही.

घरी आलो तेव्हा टेबलावर दोन ताटं वाढलेली होती आणि स्वयंपाकघराचं दार बंद होतं. बाबा जेवत होते. मी म्हणालो, "पोलिसांत जाऊ या."

"काय सांगणार?" बाबांनी ताटावरून नजर उचलली नाही. "दहा वाजता मामाने पाहिली, मामीने पाहिली. तूच तर म्हणालास, आत आहे." मग भाताकडे बोट दाखवलं. "गार होतंय."

मला त्या ताटाला लाथ मारायची होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी बसलो आणि जेवलो. स्वयंपाक उत्तम होता.

त्याला आता आठ महिने झाले. मामा दर रविवारी तिच्याशी बोलतो आणि खूश असतो. मी रोज संध्याकाळी स्टेशन, दवाखाने, लॉज फिरतो. आईचा फोटो दाखवतो आणि पुढे काही बोलता येत नाही, कारण हरवली कधी, असं विचारलं की मला माझं 'आई आत आहे' हे वाक्य सांगावं लागेल.

यात माझी आई गेली.